अंबादासमामा लाईव्ह हायेत

आमच्या अंबादासमामांना कुणी नुसतं ‘हाय’ म्हटलेलं चालत नाही.

पेजवर पहिला मेसेज आला तो तेवढाच होता. मी मोबाईल त्यांच्यासमोर धरून वाचला, “हाय.”

मामांनी हातातली सांडशी खाली ठेवली. “काय हाय?”

“काही नाही. नुसतं हाय.”

“नुसतं हाय म्हंजे? कोण हाय? कुठला हाय? काय पायजे हाय? माणूस दारात आला की राम राम घालतो, नाव सांगतो, गाव सांगतो. हा येतो आन् ‘हाय’ म्हणून हुभा राहतो! आण इकडं ते.”

त्यांनी मोबाईल भाकरीसारखा तोंडासमोर आडवा धरला, बटण मला दाबायला लावलं आणि त्या अनोळखी माणसाला बोलून पाठवलं, “ए भाऊ, काय हाय? नाव न्हाई, गाव न्हाई, कुणाचा तू? नीट बोलायचं तर बोल, न्हाई तर भट्टीत घालीन.”

गिऱ्हाईक मिळावं म्हणून काढलेल्या पेजवरून गिऱ्हाइकाला गेलेलं हे पहिलं उत्तर.

केजच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं बाजारगाव आहे. तिथं माझं झेरॉक्स आणि मोबाईलचं दुकान. माझ्या भिंतीला भिंत लावून मामांची लोहारकीची शेड. त्यांच्या ऐरणीवर घण पडला की माझ्या झेरॉक्स मशीनचं झाकण उडतं आणि लोकांच्या सातबाऱ्यावर काळा पट्टा येतो. यावरून आमची भांडणं रोजची. मलाही राग लवकर येतो, गावात विचारा कुणालाही. पण माझा राग येतो आणि जातो. मामांचा राग कुठं जात नाही. तो त्यांच्याकडे मुक्कामालाच आहे.

सकाळी शेड उघडताना ते कुलपावर चिडतात. मग कोळशावर. लोखंड लवकर लाल झालं नाही तर लोखंडावर, आणि लवकर लाल झालं तर “एवढी घाई कसली तुला?” म्हणून परत लोखंडावरच. लाईट गेली की तारांकडे बघून बोलतात, आली की “आता आली महाराणी” म्हणतात. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही लेकी आपापल्या घरी. घरात चिडायला कुणी नाही, म्हणून सगळं शेडमध्ये आणतात. आणि दर चौथ्या वाक्याला ते कुणाला ना कुणाला भट्टीत घालतात. मला तर त्यांनी इतक्यांदा घातलंय की मी आता कोळसाच व्हायला पाहिजे होते.

मामा कोयते बनवतात. ऊस तोडायचे. आमच्याकडे दसरा झाला की गावंच्या गावं ट्रकमध्ये बसून कारखान्याला जातात. टोळीत माणसं मोजायची पद्धतही वेगळी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाला विचारतात, “यंदा किती कोयते?” म्हणजे किती जोड्या. एवढं त्या हत्याराचं आणि माणसांचं एकच नाव झालंय.

मामा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद घेतात, तापवतात, ठोकतात, पाणी देतात. मूठ मात्र माणसाचा हात बघितल्याशिवाय बसवत नाहीत. “हात दाखव,” म्हणतात. हात दाखवला की त्या हातावर चिडतात. “हा हात हाय का उलथनं? एवढुसा! बरं, बारीक मूठ लावतो.”

दोन वर्षांपूर्वी बाजारात एका हार्डवेअरवाल्यानं तयार कोयते आणले. लाल रंगाची मूठ, वर चकचकीत कागद. यंदा त्यानं त्यांचा व्हिडिओ केला. त्यात तो स्वतः गॉगल लावून दोन्ही हातांत कोयते घेऊन गाण्यावर नाचतो आणि शेवटी म्हणतो, “दोन घ्या, टोपी फुकट.” न्हाव्याच्या दुकानात दाढी करताना मामांनी तो बघितला. अर्धी दाढी तशीच ठेवून, गालाला साबण घेऊन ते माझ्या दुकानात आले.

“शोभे, माझं पण टाक.”

“काय टाकू?”

“ते. नाचतेत ते.”

“तुमी नाचणार?”

“भट्टीत घालीन.”

दुसऱ्या दिवशी मी शूटिंगला गेले. मामांनी धुतलेला सदरा घातला होता आणि त्या सदऱ्यावरही ते चिडलेले होते. मी व्हिडिओ केला, खाली एक चालतं गाणं लावलं आणि त्यांना दाखवला. दहा सेकंदही झाले नसतील.

“हे कोण वरडायलंय?”

“गाणं लावलंय मामा. लोक बघतात गाणं असलं की.”

“लोखंड बोलायलंय आन् मधीच हा कोण? काढ त्याला.”

काढलं. मग त्या व्हिडिओत उरलं काय? कोळशाचा फुसफुसाट, घणाचा ठाण-ठाण आवाज, पाण्यात पातं बुडल्यावरचा चर्रर, आणि शेवटी मामांचा चेहरा. कॅमेऱ्यात बघून ते म्हणाले, “कोयता पायजे तर या. येताना हात घेऊन या. फोनवर मूठ बसत न्हाई. आन् घासाघीस करायची असंल तर तिकडं टोपीवाल्याकडं जा.” मग बराच वेळ ते तसेच रागानं बघत राहिले, कारण बंद झालं का नाही हे त्यांना कळलं नाही.

हा व्हिडिओ चालला. का चालला, मला माहीत नाही. मला वाटतं, सगळीकडे ‘सर’, ‘मॅडम’, ‘डिअर कस्टमर’ ऐकून लोकांचे कान किटले असावेत. इथे एक माणूस मनापासून चिडलेला होता आणि काही विकायची त्याला गरज दिसत नव्हती.

मेसेज यायला लागले. मी वाचायचे, मामा बोलून उत्तर द्यायचे.

“लोकेशन विचारतोय एकजण.”

“म्हंजे?”

“दुकान कुठं हाय ते.”

“बसमधून उतर म्हणावं आन् अंबादास लोहार कुठं ते विचार. कुत्रं बी दाखवंल.”

“हा म्हणतो, ‘रेट?’”

“आन्?”

“बास. एवढंच.”

“एका शब्दात? तोंडाला काय झालंय त्याच्या? आजारी हाय का?”

मी डोक्याला हात लावायचे. असं बोलून गिऱ्हाईक येईल का? पण आलं. आणि आलं ते कुठून, तर उमापूरहून. बाजाराच्या दिवशी दुपारी सहा-सात बाया जीपमधून उतरल्या. पुढे एक काळीसावळी, ठेंगणी, पदर कमरेला खोचलेली. शेडच्या दारात उभी राहून म्हणाली, “तुमीच का ते चिडके मामा?”

“आन् तू कोण?”

“मंगल. उमापूरची. दोन गाड्या बदलून आलेय. माझ्या मोबाईलवर रोज वरडता तुमी.”

“हात दाखव.”

“हात कशाला? मी काय भविष्य बघाय आले का?”

मामांनी वर बघितलं. त्यांना एवढं सरळ उत्तर कधी कुणी देत नाही, माझ्याशिवाय. त्यानंतर तासभर त्या दोघांचं जे काही झालं त्याला भांडण म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा. ती म्हणाली, पातं जड आहे. ते म्हणाले, तुझं मनगट हलकं आहे. ती म्हणाली, मागच्या साली ह्या मनगटानं नवऱ्यापेक्षा जास्त ऊस तोडलाय. ते म्हणाले, मग नवऱ्याला घरी ठेव. बाकीच्या बाया लाकडाच्या ओंडक्यावर बसून पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी मंगलनं सगळ्या टोळीचे कोयते सांगितले, बायांनी हात दाखवले आणि निघाल्या.

त्या दिवसापासून घण असा पडायला लागला की माझ्या मशीनचं झाकण खाली टेकेचना. मी भांडायला गेले तर मामा म्हणाले, “उमापूरची टोळी हाय, उमापूरची! टोपीवाल्याकडं गेली का? न्हाई.” आणि वर, “तुझ्या मशिनीला भट्टीत घालीन.” यापेक्षा जास्त आनंद मी त्यांच्या तोंडावर बघितलेला नाही.

असंच सगळं चाललं असतं तर हे लिहायला मी बसले नसते. पण एक दिवस फोन आला. मी स्पीकर लावून दिला.

“मामा, दहा कोयते पाहिजेत. अर्जंट.”

“दहा कोयते!” मामांनी बोटं मोजली. “म्हंजे वीस माणूस झालं. कारखाना कुठला?”

“कारखाना नाही मामा. आमचा ग्रुप आहे.”

“गुरूप म्हंजे टोळीच की. मुकादम कोण?”

“मुकादम म्हणजे... भाई ना? भाई मीच. विकीभाई म्हणतात.”

“बरं. समद्या जोड्या हायेत का?”

“जोड्या?”

“बायका, बायका! लग्नं झालेत का?”

“नाही मामा. सगळे सिंगल.”

मामांनी फोनवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, “शोभे, दहाच्या दहा बिनलग्नाचे. मोळ्या कोण बांधणार गं यांच्या? काय दिवस आलेत पोरांवर.”

“मामा, हे ऊसतोडीचे वाटत नाहीत मला.”

“तुला काय कळतंय? गप.” आणि फोनवर, “या रे बाबांनो. हात घेऊन या.”

ते आले. पांढरी गाडी, पुण्याकडची. पाच-सहा जण उतरले. काळे शर्ट, दाढ्या कोरलेल्या. मांजरसुंब्याला ढाब्यावर खाऊन आले होते, तोंडाला तर्री तशीच. मामांनी चक्क त्यांच्यासाठी चहा सांगितला. मला कधी सांगितलेला नाही.

“हात दाखवा,” मामा म्हणाले.

पोरांनी हसत हात पुढे केले. मामांनी एकेकाचा तळवा उलटापालटा करून बघितला. पहिल्यांदाच ते हातावर चिडले नाहीत. नुसते बघत राहिले. “ऊस तोडलाय का कधी?”

पोरं खो-खो हसली. विकीभाई कोपऱ्यात गेला. तिथं मंगलच्या टोळीचे कोयते मुठी लावून, तेल पुसून ठेवलेले होते. त्यानं त्यातला एक उचलला, हातात फिरवला, खांद्यावर ठेवला. दुसऱ्यानं मोबाईल काढून त्याचा व्हिडिओ सुरू केला.

“मामा, माल एक नंबर आहे. पण थोडा लांब पाहिजे. आणि पात्यावर नाव कोरा. फोटोत चमकलं पाहिजे.”

“फोटोत कावून?”

“समोरच्याला भीती वाटली पाहिजे ना.”

“समोरच्याला म्हंजे?” मामांना खरंच कळलं नव्हतं. “उसाला?”

पोरं परत हसली. त्या हसण्यात मामांना कळलं. मला दिसलं त्यांना कळताना. मानेवरची शीर आधी उठली, मग चेहरा काळा पडला. त्यांनी पुढे होऊन विकीभाईच्या हातातला कोयता काढून घेतला. ओढला नाही, लेकराच्या हातातून घ्यावा तसा काढून घेतला. आणि मग फुटले.

“हा कोयता कुणाचा हाय म्हाईत हाय का बे? बाई हाय ती. अंधारात उठती, लेकरू बांधावर टाकती, आन् दिवस मावळंस्तोर वाकून ह्यानं ऊस तोडती. तवा तुमच्या चहात साखर पडती! आन् तू ह्यानं माणसाला भीती घालणार? फोटोत चमकवणार? निघा! निघा हितून, न्हाई तर एकेकाला भट्टीत घालीन!”

एका हातात कोयता, दुसऱ्या हातात सांडशी, असे ते गाडीपर्यंत मागे धावले. मीही धावले. माझ्या हातात कागदाला भोकं पाडायचं मशीन होतं, ते मी फेकून मारलं. लागलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्हाला वाटलं, विषय संपला. पण पोरं सगळं शूट करत होती. दोन दिवसांनी तो व्हिडिओ फिरायला लागला. त्यात मामांचं बोलणं सगळं कापलं होतं. बाई नाही, लेकरू नाही, ऊस नाही. फक्त कोयता उगारलेले मामा आणि “एकेकाला भट्टीत घालीन!” तेच परत परत, ढोल लावून, पुढे-मागे केलेलं, म्हणजे मामा नाचताहेत असं दिसावं. वर लिहिलं होतं, ‘खतरनाक मामा. कोयता स्पेशालिस्ट.’ आणि खाली आमच्या पेजचं नाव.

लोकांनी तो किती बघितला ते मी सांगत नाही, सांगताना अजून डोकं फिरतं. आमच्या पेजवर मेसेजचा पाऊस पडला. “मामा, एक पाठवा.” “मामा, दुश्मनासाठी पाहिजे.” “मामा, डान्स परत करा.” परगावची पोरं मोटारसायकलवर येऊन शेडसमोर सेल्फी काढायला लागली. गावातली माणसंही हसली. ज्यांच्या तीन पिढ्यांचे विळे मामांनी शेवटून धारदार करून दिले, ती माणसं. मी त्यातल्या दोघांना झेरॉक्स काढून दिली नाही. म्हटलं, मशीन बंद आहे. माझ्या हातात तेवढंच होतं.

आणि मग पोलीस आले. एक हवालदार, वयस्कर, तसा बरा माणूस. त्यानं मोबाईल मामांपुढे धरला. “मामा, हे तुमीच ना?”

मामांनी तो व्हिडिओ तेव्हा पहिल्यांदा बघितला. मी त्यांच्यापासून लपवला होता. ढोल वाजत होता आणि स्क्रीनवर ते पुढे-मागे, पुढे-मागे होत होते.

“मीच हाय,” ते म्हणाले. “पण मी असा नाचत नव्हतो.”

“साहेबांनी बोलावलंय. आन् हे कोयते पण घ्यावं लागतेत चौकशीला.”

मंगलच्या टोळीचे सगळे कोयते पोत्यात भरून ठाण्यात गेले. मागून मामा आणि मी. साहेबांनी विचारलं, एवढे कोयते कुणासाठी? मामा म्हणाले, ऊस तोडायला. साहेब म्हणाले, सगळे तेच सांगतात, पुरावा काय? मामांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता साहेबही भट्टीत जाणार. पण आवाजच फुटला नाही. जन्मभर ज्यानं कुणाला सोडलं नाही, तो माणूस बाकावर जाऊन बसला आणि फरशीकडे बघत राहिला. मीच बोलले, भरपूर बोलले, पेजवरचा आमचा पहिला व्हिडिओ दाखवला. साहेबांनी मामांना घरी सोडलं. कोयते मात्र राहू द्या, बघतो, सकाळी परत या म्हणाले.

टोळी दुसऱ्याच दिवशी कर्नाटकातल्या कारखान्याला निघणार होती. मी मंगलला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं, एकदाच म्हणाली, “असं हाय व्हय,” आणि फोन ठेवला.

सकाळी आम्ही ठाण्यात बाकावर बसलेलो असताना समोर अख्खा ट्रक येऊन थांबला. मांजरसुंब्याहून सरळ खाली जायचा तो मंगलनं ड्रायव्हरशी भांडून आमच्याकडे वळवला होता. ट्रकमध्ये गाठोडी, पातेली, चुलीचे पत्रे, दोन शेळ्या, कोंबड्यांचं खुराडं, आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली लेकरं. बाया भराभर खाली उतरून आत शिरल्या.

“पुरावा पायजे ना साहेब?” मंगल दारातूनच ओरडली. “बाहेर हुभा हाय, बघा. शेरडं बी मोजा. आमी उद्या फडात जाऊन काय नखानं तोडायचा ऊस?”

“ओ बाई, हळू...”

“हळू कावून? त्या गाडीवाल्या पोरांना हळू बोलून बोलून तर हे झालं! त्यांना धरा की. ह्यांना कावून बसवलंय?”

एवढ्यात दुसऱ्या बाईनं पोत्याचं तोंड सोडलं आणि सगळ्याजणी त्याच्यावर तुटून पडल्या. “ही माझी मूठ,” “सोड गं, ही माझी,” असा एकच गोंधळ. एका लेकरानं साहेबांच्या टेबलापाशी मुतून ठेवलं. साहेब बघत होते, आणि मग हसायला लागले. हवालदाराला म्हणाले, लिहून घ्या आणि द्या यांचं यांना. मामांना म्हणाले, “ते पेज जरा जपून चालवा काका.”

ट्रकमध्ये चढताना मंगल मामांजवळ थांबली. “मामा, गप कावून झालात? वरडा की.”

मामांनी ट्रकचं मागचं दार लावून दिलं. ट्रक गेला.

त्याच्या मागोमाग आमच्या भागातल्या बाकी टोळ्याही गेल्या. दरवर्षी जातात. घरांना कुलपं लागतात, ओट्यांवर म्हातारीकोतारी उरतात, बाजार निम्मा होतो. दरवर्षी मामा या रिकामेपणावरही चिडतात. यंदा चिडले नाहीत. सकाळी कुलूप मुकाट्यानं उघडायचे आणि ओंडक्यावर बसायचे. लाईट गेली तर गेली. माझं झेरॉक्सचं झाकण गपगार. कागद कसे स्वच्छ निघायला लागले, आणि मला ते सहन होईना. शेवटी मी भिंतीपलीकडे गेले आणि भांडण काढलं.

“घण का वाजत नाही?”

“कुणासाठी वाजवू?”

“विळे करा, खुरपी करा!”

“पेज बंद कर शोभे ते. लोक हसायलेत.” एवढंच, आणि तेही साध्या आवाजात. कुणाला भट्टीत घालणं नाही, काही नाही.

मी दुकानात येऊन पेज उघडलं, बंदच करून टाकायला. हजार घाणेरड्या मेसेजांखाली एक आवाजी मेसेज पडलेला होता. मंगलचा. मी तो ऐकला, मोबाईल तसाच घेऊन शेडमध्ये गेले आणि मामांच्या कानाशी लावला.

“मामा, तुमचं नवं कावून येत न्हाई? हितं समदे कानडी बोलतेत, काय कळत न्हाई. संध्याकाळी फडातून आलो की पाचटाच्या कोपीत तुमचा तो पयला व्हिडिओ लावतो आमी, घणाचा. गावाकडं बाजारात बसल्यावाणी वाटतं. धाकटं तर त्या आवाजावर झोपायलंय. पण किती दिस तेच तेच? नवं टाका. न्हाई तर शिव्या तरी द्या.”

मामांनी मोबाईल कानापासून हलू दिला नाही. मग म्हणाले, “परत लाव.”

लावलं. परत लाव म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मानेवरची शीर हळूहळू वर आली. “घणाच्या आवाजावर झोपतं? कसलं लेकरू हाय ते! आन् कोपीत खाली जमिनीवर निजवती का काय त्याला? किडं-किरडू निघतं उसात. गोणपाट तरी हातरलं का विचार तिला.”

“तुमीच विचारा. लाईव्ह लावून देते.”

“त्यात समदे ऐकतेत का?”

“जे जे बघतात ते समदे.”

“मग लाव.”

तेव्हापासून रोज दिवस मावळताना, टोळ्या फडातून परत येतात त्या वेळेला, अंबादासमामा लाईव्ह येतात. मी मोबाईल खोक्यावर उभा करून देते. ते भट्टी पेटवतात, लोखंड तापवतात आणि ठोकता ठोकता कर्नाटकातल्या माणसांना झापतात. “ए मंगल, पायात चप्पल घालून फडात जा, न्हाई तर धसकट घुसंल. ए, कुणाला ताप आलाय म्हणलात, दवाखान्यात न्हेलं का? मुकादमाला सांगा, अंबादास लोहारानं विचारलंय. धार उतरली तर दगडावर घासू नका, पातं मरतं. घासलं ना? कळतंय मला. भट्टीत घालीन.”

यात धंदा शून्य. रोज ठोकलेल्या एवढ्या कोयत्यांचं पुढच्या दसऱ्यापर्यंत काय करायचं, मला विचारू नका. सेल्फीवाली पोरं केव्हाच पांगली. एका म्हाताऱ्याचं गोणपाट आणि चपलांवरचं बोलणं कोण ऐकणार? आता बघणारी वीस-पंचवीस माणसं असतात. सगळी कोप्यांमधली. कुणी काही लिहीत नाही. सुरुवातीला मामा त्यावरही चिडायचे, की ऐकतेत का झोपलेत?

परवा ठोकता ठोकता ते थांबले आणि वाकून स्क्रीनमध्ये बघायला लागले. “शोभे, हे लाल लाल काय उडायलंय?”

“बदाम आहेत मामा.”

“बदाम? कोण टाकायलंय?”

“तिकडून टाकायलेत. त्यांच्यातल्या लई जणींना लिहिता येत नाही ना. मग ऐकायलोत हे सांगायला तेवढंच दाबतात.”

मामा बघत राहिले. खालून एक बदाम वर यायचा, हलायचा, विरायचा. मागून दुसरा. लोखंड ऐरणीवर तसंच गार पडत चाललं होतं. त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, कुणी नव्हतं.

“आपल्याकून बी जातंय का ते?” ते म्हणाले. हळू म्हणाले.

मी जागा दाखवली. त्यांनी अंगठा टेकवला. काही झालं नाही. इतक्या वर्षांच्या चटक्यांनी त्या अंगठ्याची कातडी खुरासारखी झालीय. मोबाईलला तो अंगठा आहे हेच कळेना. त्यांनी तो धोतराला पुसला, परत टेकवला. ओला केला, टेकवला. मी दाबायला हात पुढे केला तर माझा हात त्यांनी बाजूला सारला.

“मी टाकतो.”

मग ते मोबाईलवर चिडले. असे चिडले, असे चिडले की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर येऊन बघायला लागलं. आणि लाईव्ह चालूच होतं. तिकडे कर्नाटकात, कोप्यांमध्ये, सगळ्यांच्या मोबाईलवर मामांचा चेहरा एवढा मोठा आला असणार, स्क्रीनभर, घामेजलेला, लालबुंद. ते कशासाठी एवढे चिडलेत, हे तिकडे कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.